सीझन संपू दे

बुरोंडीत कुणी पोरीचं लग्न जमवलं, कुणी नवी होडी घेतली, कुणी हापूसची कलमं लावली किंवा वाडीने ग्रामपंचायतीला उमेदवार दिला, की तीन-चार वर्षं दम धरायचा आणि मग भावोजींकडे जायचं. निवड बरोबर होती की चुकली, ते भावोजी एका वाक्यात सांगतात. आधी गेलात तर मात्र उपयोग नाही. आधी गेलात तर ते चष्मा काढतात, लुंगीच्या टोकाने पुसतात, समुद्राकडे बघतात आणि म्हणतात, "सीझन संपू दे."

भावोजी गावचे जावई. नोकरी मुंबईला गोदीत झाली. निवृत्तीनंतर सासऱ्यांच्या घरात येऊन राहिले, कारण त्यांच्या बायकोला, आक्काला, सख्खा भाऊ नव्हता आणि पावसाआधी कौलं परतून घ्यायला घरात माणूस हवा होता. तेव्हापासून अख्ख्या गावाचे ते भावोजी. ऐंशीची म्हातारी त्यांना भावोजी म्हणते आणि तिसरीतला पोरगाही भावोजीच म्हणतो. नाक्यावरच्या चहाच्या टपरीत कोपऱ्यातलं बाकडं त्यांचं. तिथे गिऱ्हाइकांपेक्षा निकाल मागणारे लोक जास्त येतात, अशी टपरीवाल्याची तक्रार आहे.

त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नाही. बुरोंडीच्या टेकडीवर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुराम आहे. समुद्र मागे हटवून त्याने कोकणची भूमी मिळवली, अशी कथा. बाहेरगावचे पर्यटक तिथे फोटो काढतात आणि नाक्यावर चहाला थांबतात. एकाने कौतुकाने विषय काढला, तर भावोजी म्हणाले, "मिळवली खरी. पण बाण मारायच्या आधी पलीकडे घाटावर कशी जमीन आहे ते बघायला हवं होतं. चार महिने पाऊस, आठ महिने पाणीटंचाई. घाई झाली." पर्यटकाने चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

पण लग्नं, होड्या, परशुराम ही सगळी किरकोळ कामं. भावोजींचा खरा विषय म्हणजे कबड्डीचा लिलाव. कबड्डी नव्हे, लिलाव. सामना चालू असताना ते एक वेळ पेंगतील, पण कोणाला कितीला घेतला होता हा आकडा झोपेतून उठवून विचारा. गोदीत असताना ते संध्याकाळी लालबाग-परळच्या मैदानांवर कबड्डी बघत. स्वतः खेळलात का, असं विचारलं की उत्तर एकच शब्दाचं: "गुडघा." पुढे विचारायची सोय नाही.

त्या काळी खेळाडूचा भाव म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, ज्याने चिकटवून घेतला त्याचा तो खेळाडू. पोराची चढाई चांगली असली की आई देवाला नारळ बोलायची तो भारताच्या संघासाठी नव्हे, रेल्वेसाठी. मग २०१४ साली प्रो कबड्डी आली. मे महिन्यात मुंबईत लिलाव झाला आणि राकेश कुमारला पाटण्याने १२ लाख ८० हजारांना घेतला. त्या लिलावातली ती सगळ्यांत मोठी बोली. भावोजींनी ती बातमी दोनदा वाचून घेतली आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याकडून वाचवून घेतली. "कबड्डीला? रोख?" त्याच आठवड्यात सहकारी बँकेची एक कोरी डायरी कामाला लागली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'सोनं', उजवीकडे 'माती'.

ही डायरी मी पाहिली आहे. तीत छापील शाईपेक्षा खोडरबराचं काम जास्त आहे. कारण भावोजी पेन वापरत नाहीत, पेन्सिल वापरतात. निकाल बदलतो.

उदाहरणार्थ, सिद्धार्थ देसाई. चंदगड तालुक्यातला, कोल्हापूरकडचा धिप्पाड गडी. २०१८ च्या लिलावात सगळ्या देशाची नजर मोनू गोयतवर होती. हरियाणाने त्याच्यासाठी १ कोटी ५१ लाख मोजले आणि त्या मोसमात हरियाणा आपल्या गटात तळाला गेली. मोनू गोयत उजवीकडे, माती. त्याच लिलावात यू मुंबाने देसाईला ३६ लाख ४० हजारांत उचलला आणि त्याने पहिल्याच मोसमात चढाईचे २०० च्या वर गुण काढले. देसाई डावीकडे, सोनं, खाली दोन रेघा. पुढच्या वर्षी मुंबईने त्याला हातचा सोडला आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख देऊन नेला. गुण त्याने पुन्हा २०० च्या वर काढले, पण बारा संघांत टायटन्स अकरावे. आता हा सौदा सोनं की माती? भावोजींनी आधी डावीकडे लिहिलं, मग उजवीकडे नेलं. नंतरच्या मोसमात देसाईला दुखापत झाली, तो सुरुवातीलाच बाहेर बसला आणि टायटन्सनी २२ पैकी एकच सामना जिंकला. तेव्हा 'माती' पक्की झाली. मग २०२३ मध्ये हरियाणाने त्याला एक कोटीला घेतला आणि हरियाणा थेट अंतिम सामन्यात. पुन्हा खोडरबर. देसाईच्या नावाखालचा कागद आता इतका झिजला आहे की त्यातून मागच्या पानावरचा प्रदीप नरवाल दिसतो.

प्रदीप नरवालवर भावोजींचा विशेष जीव. तो २०१५ मध्ये बंगळूरूकडे होता. सहा सामन्यांत नऊ गुण. बंगळूरूने त्याला जाऊ दिला, पाटण्याने घेतला आणि पाटण्याने लागोपाठ तीन विजेतेपदं मारली. त्यांतल्या तिसऱ्या मोसमात, २०१७ मध्ये, एकट्या प्रदीपचे चढाईचे गुण ३६९. तसा मोसम पुढे कुणालाच साधला नाही. "बंगळूरूने सोडला तेव्हाच मी म्हटलं होतं," भावोजी सांगतात. कुणाला म्हटलं होतं, असं विचारलं की ते ज्या माणसाचं नाव घेतात तो बिचारा जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावोजींचे सगळे साक्षीदार असे भरवशाचे असतात. पुढे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाने प्रदीपसाठी १ कोटी ६५ लाख मोजले, तेव्हा भावोजी काय म्हणाले, ते मात्र टपरीत पाचजणांनी ऐकलं. ते म्हणाले, "सीझन संपू दे."

मुंबईने हातचे घालवलेले खेळाडू हा तर स्वतंत्र अध्याय आहे. त्याला चहा दोनदा लागतो. अर्जुन देशवाल मुंबईकडे पोरसवदा असताना होता. मुंबईने सोडला, जयपूरने ९६ लाखांना घेतला आणि २०२२ मध्ये त्याने चढाईचे २९६ गुण काढून जयपूरला विजेतेपद मिळवून दिलं, तेही अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला हरवून. म्हणजे मुंबईच्या चुकीचा दंड पुण्याने भरला. हे सांगताना भावोजींना मनापासून आनंद होतो. मुंबईवर प्रेम, पुण्याशी वैर, असं काही नाही. चूक दुसऱ्याची आहे एवढंच त्यांना पुरतं.

या डायरीत दया एकाच नोंदीत सापडते. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवर एवढी बोली कुणाला लागली नव्हती. मोसमातला पहिलाच सामना, गुजरातशी. पवन हाडाचा चढाईपटू, पण तो पकड करायला गेला, गुडघा मुरगळला आणि त्याला उचलून बाहेर नेलं. मोसम तिथेच संपला. सगळ्या देशाने याला सर्वांत वाईट सौदा ठरवला. भावोजींनीही उजवीकडे 'माती' लिहिलं. पण त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं आहे: "गुडघा. माफ."

गंमत अशी की पवन गेला आणि नरेंदर नावाचा नवखा पोरगा उभा राहिला. त्याने २४० च्या वर गुण केले आणि थलायवाज त्याच वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले. बारावीच्या गणितात बसणार नाही असा हा हिशोब. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्सनी पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना उचललं. संघाची सगळी थैली पाच कोटींची, त्यातली अर्ध्याहून जास्त एका माणसावर. गुडघा ठणठणीत, पवन खेळला, गुणही केले. टायटन्स मात्र २२ पैकी दोन सामने जिंकून तळाला. भावोजी म्हणाले, "एकाला दोन कोटी साठ दिल्यावर पकडायला कोण राहिलं? कोपऱ्यात काय नारळ ठेवणार?" हे मात्र मला पटलं. भावोजी कधीकधी बरोबर असतात, फक्त ते नेहमी उशिरा बरोबर असतात.

इराणच्या शाडलूने तर डायरीची रचनाच मोडली. पाटण्याने त्याला आणला तेव्हा भाव ३१ लाख. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. पलटणने त्या मोसमात २२ पैकी दोनच सामने गमावले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. सोनं. मग पुण्याने त्याला सोडला. विजेतेपद जिंकून देणाऱ्याला सोडला! त्याला घेतला कुणी, तर ज्यांना हरवलं होतं त्याच हरियाणाने, २ कोटी ७ लाखांना. आणि त्या डिसेंबरात हरियाणाने चषक उचलला तो पुण्यात, बालेवाडीला. त्या रात्री भावोजींनी डायरीत तिसरा रकाना आखला: 'दुसऱ्याचं सोनं'.

या तिन्ही रकान्यांत न बसणारा एकच खेळाडू आहे, अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातला पोरगा. त्याच्यावर कोट्यवधींची बोली कधी लागलीच नाही. पुण्याने नवोदित म्हणून घेतला, वाढवला आणि २०२४ च्या त्या विजेत्या संघाचा तोच कर्णधार. पुण्याने आजवर केलेल्या सगळ्या निवडींत मला हीच सर्वांत चांगली वाटते. पण भावोजी त्याचं नाव निघालं की अस्वस्थ होतात. ज्याला भावच नाही, तो महाग पडला की स्वस्त, हे सांगणार कसं? डायरीत अस्लमच्या नावाचं पान आहे. त्यावर फक्त नाव आहे.

मध्यंतरी आक्काचा भाचा मेलबर्नहून आला. तिकडे ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळतात. अंडाकृती चेंडू, हातही चालतो, पायही चालतो. तिथे लिलाव नसतो. नव्या पोरांना संघ पाळीपाळीने निवडतात आणि शेवटी आलेल्या संघाला पहिली निवड मिळते. भावोजींनी हात वर केला. "थांब. शेवटी येणाऱ्याला पहिली? मग पुणेरी पलटण पहिले दोन सीझन शेवटी आली, तिला काय मिळालं?" भाच्याला पुणेरी पलटण माहीत नव्हती. त्याने आपली गोष्ट पुढे रेटली. २००४ च्या निवडीत रिचमंड संघाने चौथ्या क्रमांकावर टॅम्ब्लिंग नावाचा मुलगा घेतला आणि लगेच पुढच्या क्रमांकावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिन घेतला. फ्रँकलिनने पुढे हजाराहून जास्त गोल मारले, हॉथॉर्नला दोन विजेतेपदं मिळवून दिली. टॅम्ब्लिंगला रिचमंडचे लोक अजून विसरलेले नाहीत, त्या पोराचा काही गुन्हा नसताना.

भावोजींच्या डोळ्यांत मी इतकं पाणी सासऱ्यांच्या बाराव्यालाही पाहिलं नव्हतं. हा खेळ त्यांनी कधी पाहिला नाही, चेंडूचा आकार त्यांना अजून पटलेला नाही, पण त्या दिवसापासून टॅम्ब्लिंग बुरोंडीत राहायला आला. नाक्यावर कुणी सेकंडहँड मोटारसायकल घेतली आणि ती चढणीला बंद पडली, की भावोजी मान हलवतात: "टॅम्ब्लिंग झाला." गावातल्या दोन तरी गाड्यांचं आता हेच नाव आहे.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. बोटी आत उभ्या, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते, ढीग लागतात आणि बोली सुरू होते. भावोजी शेजाऱ्याच्या टेम्पोतून कधी तिथे जातात. मासळी घेणाऱ्या बायका ढिगाभोवती उभ्या. सुरमईचा डोळा बघायचा, कल्ला उचलायचा, मागे किती बोटी यायच्यात त्याचा अंदाज घ्यायचा आणि तोंडातून आकडा काढायचा. एवढं सगळं पापणी लवायच्या आत. पैसे कनवटीचे. चुकलं तर रात्रीचं जेवण चुकलं. भावोजी मागे हाताची घडी घालून उभे. एकीचा सौदा ठरला, तसं त्यांनी विचारलं, "कितीला गेली?" तिने आकडा सांगितला. भावोजी म्हणाले, "महाग घेतलीस गो." तिने टोपली डोक्यावर घेत मागे न बघता सांगितलं, "भावोजी, तुमचा सीझन संपेस्तोवर मासा ऱ्हात नाय."

लोक हसले. भावोजीही हसले, पण टेम्पोत परत येताना गप्प होते. दाभोळकडे आभाळ भरलं होतं की आणखी काय, नीट सांगता येत नाही.

भावोजींना आधी बोलतं करायचा प्रयत्न गावातल्या पोरांनी एकदा केला. शिमग्याच्या सुमाराला पंचक्रोशीत स्पर्धा होती. असल्या स्पर्धांत गावं बाहेरचा एखादा खेळाडू बोलावतात. जाण्यायेण्याचं भाडं, हातात काही रक्कम आणि जेवायला मासळी. दोन पोरं डोळ्यांसमोर होती. एक चिपळूणकडचा डावा कोपरारक्षक, बुटका, पण पायाला चिकटला की गोचिडासारखा सुटत नाही. दुसरा मुंबईचा उंच चढाईपटू, केस रंगवलेले, फोनवर स्वतःच्याच चढायांचे व्हिडिओ. पैसे एकापुरतेच. पोरं डायरीसकट भावोजींना देवळाच्या ओट्यावर घेऊन आली.

"भावोजी, आता सांगा. आज. सीझनच्या आधी."

भावोजींनी चष्मा पुसला. मग चौकशी सुरू झाली. चिपळूणवाल्याचं वजन किती? मुंबईवाल्याच्या बापाला सांधेदुखी आहे का? दोघे रात्री किती वाजता झोपतात? मैदान मातीचं आहे की मॅट टाकणार? मुंबईवाला एसटीने येणार की रेल्वेने, खेडला उतरला तर पुढे कुणाच्या गाडीने? पोरं उत्तरं देत गेली, माहीत नसलेली फोन करून विचारत गेली. आरती झाली, देऊळ बंद करायची वेळ झाली. भावोजी म्हणाले, "एवढ्या माहितीवर निर्णय घेणं धोक्याचं आहे." शेवटी कुणीतरी खिशातून नाणं काढलं. चिपळूणवाला आला.

आला आणि त्याने काय पकडी केल्या! समोरच्या गावाचा मुख्य चढाईपटू तीन वेळा त्याच्या हातात सापडला, त्यातल्या एका पकडीला पंचही हसला. चषक बुरोंडीत आला. दुसऱ्या दिवशी भावोजी डायरी घेऊन टपरीत हजर. डाव्या रकान्यात, ठळक पेन्सिलीने: "चिपळूणचा डावा कोपरा. सोनं. माझा सल्ला." तारीख सामन्याच्या आदल्या रात्रीची.

कुणी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर गावाला हे आवडतं. चूक कुणीतरी लिहून ठेवतो आहे, म्हटल्यावर चूक करायला धीर येतो. आणि कोटींच्या थैल्या घेऊन बसणाऱ्या त्या मुंबईतल्या हॉटेलांमधल्या शहाण्या मंडळींचाही हिशोब काही वेगळा नसतो. प्रदीपला सोडणारे वेडे नव्हते, मोनूला घेणारेही वेडे नव्हते. त्यांनी आधी बोली लावली, एवढाच त्यांचा दोष. तो धोका भावोजींनी आयुष्यात पत्करलेला नाही.

म्हणजे, त्यांनी पत्करला नाही. त्यांच्याबाबतीत दुसऱ्या कुणीतरी पत्करला होता.

ही गोष्ट २०२५ च्या जूनमधली. पहिल्या तारखेपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं रिकामी. नेमका आदल्या दिवसापासून मुंबईत लिलाव चालू होता आणि गुजरातने शाडलूला २ कोटी २३ लाखांना नेला होता. भावोजींच्या पडवीत मंडळी जमली होती. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली एक जुनी हकीकत आहे. आक्कासाठी सासऱ्यांसमोर दोन स्थळं होती, एक दापोलीकडचा प्राथमिक शिक्षक आणि दुसरे गोदीतले भावोजी. सासऱ्यांनी गोदी निवडली. तो मास्तर पुढे मुख्याध्यापक झाला, दापोलीत त्याने बंगला बांधला, आंब्याची बाग केली. पावसाची सर आली, सगळे आत सरकले आणि एका पोराने, लहान तोंडी मोठा घास घेऊन, विचारलंच:

"भावोजी, सासऱ्यांचा सौदा कुठल्या रकान्यात?"

पडवीत कुणी हललं नाही. भावोजींनी चष्मा काढला. आतून विळीचा आवाज येत होता, तो थांबला आणि आक्का बोलली.

"तो मास्तर अजून बायकोकडे रोजच्या भाजीचा हिशोब मागतो. बसस्टॉपवर भेटली होती, सांगत होती. आमचे हे फक्त दुसऱ्यांच्या पैशाचा हिशोब ठेवतात. बाबांना परवडलं." विळी पुन्हा सुरू झाली. "आणि मासळी आणायला मी स्वतः जाते. यांना पाठवलं की बाजार उठेपर्यंत उभे राहतात नि उरलेले बोंबील घेऊन येतात."

भावोजींनी चष्मा चढवला, डायरी उघडली, कोरं पान काढलं आणि मधोमध रेघ मारली. सगळे माना लांब करून बघत होते. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि आत वाकून विचारलं, "अगो, त्या मास्तरच्या सासऱ्याला आणखी कुठली स्थळं आली होती, काही कळलं का?"